ट्रायपॉड रोव आणि उभी राहा

अनेक आशीर्वाद.

तुझे रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, काल रात्री दोनदा पाहिले. ‘मुंबईवर माहितीपट करायचाय, पण गोष्टच सापडत नाही,’ असं तू लिहितेस. कशी सापडणार? चाळीस मिनिटांत तू कुठे अर्धं मिनिट टिकली नाहीस. ट्रायपॉड रोव आणि उभी राहा.

पॉल स्ट्रँड आणि चार्ल्स शीलर या छायाचित्रकारांचा ‘मॅनहॅटा’ बघ. १९२१ चा मूकपट, जेमतेम अकरा मिनिटांचा, ६५ शॉट. नायक नाही, कथा नाही. मधूनमधून कवी वॉल्ट व्हिटमनच्या ओळी, बाकी नुसतं न्यूयॉर्क. फेरीबोट धक्क्याला लागते, दाटीवाटीनं उभी माणसं एकदम बाहेर लोटतात. कॅमेरा कुणाच्याही मागे धावत नाही. वॉल स्ट्रीटवर बँकेच्या भिंतीतल्या काळ्या चौकटी आणि त्यांच्याखालून जाणारी बोटभर माणसं बघ. स्ट्रँडनं त्या जागेचा फोटो १९१५ सालीच काढला होता. पाच वर्षांनी तो त्याच भिंतीपाशी परत गेला. परत गेला, कळतंय ना?

तेव्हा कॅमेरा हलवता येत नसेल, असं म्हणू नकोस. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत केबल कारवर कॅमेरा लावून मार्केट स्ट्रीट टिपला होता. हे दोघे मात्र बहुतेक ठिकाणी थांबले.

एवढं चिडून लिहितोय, कारण मी थांबलो नाही. १९८१ साली लालबागला एका गिरणीच्या फाटकाबाहेर होतो, हातात चावीचा बोलेक्स कॅमेरा. भोंगा झाला, पाळी सुटली आणि मी गर्दीत धावलो. एक म्हातारा कामगार दंडावरचा कापूस झटकत होता. त्याचा हात वर गेला आणि मी दुसरीकडे वळलो. पुढच्या जानेवारीत संप लागला. ते फाटक तसं भरून वाहिलेलं मला पुन्हा दिसलं नाही. माझ्याकडे तो हात अर्धाच आहे.

त्यानंतरचं माझं सगळं काम संथ म्हणून नाकारलं गेलं. एका फिल्मच्या वेळी निवड समितीतले एकजण मधूनच उठून गेले. जाऊ देत. त्या फिल्ममध्ये माणसं रस्ता पूर्ण ओलांडतात. मी एक शॉटही कापला नाही, आजही कापणार नाही.

तुझ्या बाराव्या मिनिटाला दादरच्या फुलबाजारातल्या झेंडूवाल्या मावशी पाटी उचलायला वाकतात. तीन सेकंदांत तू पुढे गेलीस. ती पाटी त्यांनी एकटीनं डोक्यावर घेतली, की कुणी हात लावला? उद्या पहाटे परत जा. चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा तो गिंबल घरी ठेव.