वाचकांचे प्रश्न : सुट्टीनेही न जाणारा थकवा

प्रश्न : मी आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. 2021 च्या कोविड लाटेनंतर आमच्याकडच्या दोन उत्तम सिस्टर नोकरी सोडून गेल्या. ‘सुट्टी घेतली तरी थकवा जात नाही’ असं दोघी म्हणायच्या. पुन्हा साथ आली तर ड्युट्या कशा लावू?
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : झोप काढूनही न उतरणारा थकवा हीच बर्नआउटची खूण. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची नोंद आजार म्हणून केली नाही, तर कामाचा ताण सतत साचत गेल्याने येणारी अवस्था म्हणून केली. थकव्याच्या जोडीला कामाबद्दल कोरडेपणा येतो आणि ‘माझ्या हातून काही धड होत नाही’ असं वाटू लागतं. यातला कोरडेपणा हमखास नजरेतून सुटतो. रुग्णाला आजी, काका म्हणणारी मुलगी नुसतं ‘चार नंबर’ म्हणू लागली, तर तिला रागावू नका. तिच्या गेल्या महिन्यातल्या नाइट मोजा.

पीपीई किटमधली पाळी चार तासांची ठेवा. माणसं कमी असतील तर सहा, त्यापुढे नाही. लघवीला जाता येणार नाही म्हणून मुली आधीपासूनच पाणी तोडतात, मग डोकं दुखतं आणि औषधाचा डोस मोजताना चूक होते. किट चढवण्या-उतरवण्याचा वेळ ड्युटीतच धरा. सलग तीनपेक्षा जास्त नाइट नकोत, आणि शेवटच्या नाइटनंतर पूर्ण दोन दिवस सुट्टी द्या.

फुप्फुसांना ऑक्सिजन नीट घेता यावा म्हणून व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं करतात. त्याला पाच-सहा जण लागतात, त्यातला एक फक्त डोकं आणि श्वासाची नळी सांभाळायला. बारा ते सोळा तासांनी पुन्हा उताणं करायचं. प्रत्येक वेळी बेड सांभाळणाऱ्या सिस्टरलाच ओढलं तर पाठ तिची जाते आणि शेजारच्या रुग्णाकडे बघायला कुणी उरत नाही. या कामाला वेगळी टीम हवीच.

वॉर्डातून मदतीला आलेल्या सिस्टरला दोन दिवसांच्या ट्रेनिंगवर व्हेंटिलेटर सोपवू नका. तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं, इनटेक-आउटपुट (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं याची नोंद) ही कामं तिच्याकडे द्या. नाहीतर जुनी सिस्टर दोन्ही बेडकडे धावत राहते आणि दोघीही दमतात.

मॉनिटरचे अलार्मही दमवतात. रक्तातल्या ऑक्सिजनचं लक्ष्य 92 ते 96 टक्के असताना अलार्मची खालची मर्यादा 94 वर राहिली, तर तो दिवसभर वाजतो आणि कान मरतात. पाळी सुरू होताच डॉक्टरांना विचारून प्रत्येक रुग्णाची मर्यादा लावून घ्या.

मृत्यूनंतर नातेवाइकांना फोन करायचं काम एकाच मुलीच्या गळ्यात पडू देऊ नका. ‘ती छान बोलते’ म्हणून तिलाच सांगितलं जातं, आणि तीच आधी मोडते. फोन कुणी केला याची तक्त्यात नोंद ठेवा, आणि फोननंतर तिला दहा मिनिटं बाहेर बसू द्या.

दोन आठवडे झोप लागत नसेल, किंवा अलार्म घरीही ऐकू येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं, तर उद्यावर टाकू नका : त्याच दिवशी तिची ड्युटी दुसरीला द्या, तिला डॉक्टरांकडे न्या आणि घरी एकटीला पाठवू नका.