क्लॅडिंगचा पहिला दगड पडला ती तारीख सांगा, बाकीचं नंतर बोलू

कोल्हापुरातल्या कळंब्याकडच्या एका वाचकांचा मेल आलाय, नाव देत नाही. बंगल्याच्या समोरच्या भिंतीला आणि कंपाउंडला पिवळ्या सँडस्टोनचं क्लॅडिंग केलं, म्हणजे भिंतीवर बाहेरून दगडाच्या पातळ फरश्या लावल्या, 900 स्क्वेअर फूट. दगड दुकानातून स्वतः निवडून आणला, लावायचं काम कॉन्ट्रॅक्टरला दिलं, सगळं मिळून 3 लाख 40 हजार गेले आणि त्यातले 35 हजार अजून द्यायचे ठेवलेत. काम मार्च 2024 ला संपलं, पाडव्याला वास्तुशांत झाली आणि 12 जुलैला पावसात पहिले तीन दगड खाली आले. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला पाऊस थांबू दे, मग म्हणाला दसऱ्याला, मग दिवाळीनंतर. मधे एकदा येऊन सहा दगड चिकटवून गेला, त्यातले चार पुढच्या पावसात पडले. आता मे 2026 उजाडला आणि साहेब विचारतायत, "आधी नोटीस पाठवू का, की हा पावसाळा कसा जातोय ते बघून ठरवू?"

पावसाळा बघून ठरवू म्हणे! हे वाचून मी डोक्यालाच हात लावला. असे मेल मला दर उन्हाळ्यात येतात, कुणाची टेरेस गळते, कुणाची फरशी फुगते, कुणाचं क्लॅडिंग सुटतं, आणि प्रत्येकाला वाटतं की समोरचा "करून देतो" म्हणतोय तोवर आपली मुदत थांबलीय. तसं काही नसतंय.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला पाहिजे. तुमची केस या एका कलमावर उभी आहे, दगड चांगला की वाईट हा प्रश्न त्याच्या नंतरचा. आता कारण घडलं कधी? तुम्ही म्हणणार पहिला दगड पडला तेव्हा, म्हणजे 12 जुलै 2024, कारण आत काय भानगड आहे ते त्याआधी बाहेरून कळायचं काही कारणच नव्हतं. हे म्हणणं मला पटतं आणि तक्रार ऐकणाऱ्या ग्राहक आयोगालाही पटावं. त्या हिशोबाने दोन वर्षं 12 जुलै 2026 ला संपतात, त्या दिवशी रविवार आहे, तेव्हा सोमवारी चालेल का वगैरे भानगडीत पडूच नका, जूनमध्येच दाखल करा. आणि समोरचा वकील म्हणणार की काम मार्च 2024 ला झालं, वाईट काम त्याच दिवशी वाईट होतं, म्हणजे मुदत मार्चमध्येच गेली. म्हणून तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज सावधगिरी म्हणून जोडूनच द्या. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करता येतो, पण ते आयोगाच्या मर्जीवर, हक्क म्हणून मागता येत नाही.

मग त्याचे ते "दसऱ्याला करतो"चे मेसेज आणि मधली डागडुजी? त्यावरून मुदत नव्याने सुरू झाली असा युक्तिवाद करता येईल, करूच, पण त्याच्या भरवशावर मी एक दिवसही काढणार नाही. विलंब माफीच्या अर्जात मात्र ते मेसेज फार कामाचे आहेत. फोन बदलणार असाल तर आधी सगळं चॅट काढून ठेवा. नुसते स्क्रीनशॉट जोडून भागत नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देईल.

नोटीस पाठवा, पण ती पाठवली म्हणून मुदत वाढत नाही हे डोक्यात ठेवा. 15 दिवसांची द्या. उत्तर येवो न येवो, सोळाव्या दिवशी तक्रार.

दाखल कुठं करायची? कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. दुकानदार उद्या बाहेरगावचा निघाला तरी हरकत नाही, नव्या कायद्यात तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते. तुम्ही मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत आहे म्हणजे फी शून्य. मेलमध्ये तुम्ही सर्किट बेंचबद्दलही विचारलंय, ते 2025 च्या ऑगस्टपासून आपल्या गावात सुरू झालं याचा मलाही आनंद आहे, इतकी वर्षं आपण त्यासाठी भांडलो, पण ते हायकोर्ट आहे, तुमच्या कंपाउंडचा दगड पहिल्या फेरीत तिथं जात नाही.

पार्टी दोघांनाही करा. कॉन्ट्रॅक्टर म्हणणार दगडच कच्चा, दुकानदार म्हणणार लावायचं जमलं नाही, आणि एकालाच ओढलं तर तो हजर नसलेल्यावर ढकलून मोकळा. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलंय म्हणून घाबरलाय, पण माल सदोष असेल तर त्या ओळीमागे लपता येत नाही, तसा माल परत घ्यायला नकार देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. कॉन्ट्रॅक्टरने मात्र बिलच दिलं नाही, वहीच्या पानावर हिशोब, आणि तुम्ही निम्मे पैसे रोख दिले. साडेतीन लाखांचं काम वहीच्या पानावर! बँकेतून गेलेले पैसे तरी सिद्ध होतील, बाकीचं त्या पानावर आणि चॅटवर.

दोष कुणाचा यावर मी इथं बसून बोलणार नाही. पण पडलेले दगड टाकून दिले नसतील, तर उलटे करून बघा. मागच्या बाजूला चार-पाच ठिकाणी केमिकलचे गोळे आणि मधे सगळं कोरं असेल, तर पाणी मागे शिरून दगड सुटला हे कुठलाही इंजिनिअर लिहून देईल. 20 मिलिमीटर जाडीचा सँडस्टोन फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो, उंच भिंतीवर त्याला क्लॅम्प किंवा पिन होती का तेही बघायला सांगा. दगडी क्लॅडिंगसाठी आयएस 4101 आणि चिकटवायच्या केमिकलसाठी आयएस 15477 ही भारतीय मानकं आहेत, इंजिनिअरच्या रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख आला की कॉन्ट्रॅक्टरच्या "आम्ही असंच लावतो"ला उत्तर मिळतं. दगडाच्या दर्जाचाच वाद निघाला तर आयोग नमुना लॅबला पाठवू शकतो, म्हणून न लावलेले उरलेले दगड असतील तर तेही जपा.

वेळ किती लागेल? कायद्यात लिहिलंय तीन महिने, लॅब असेल तर पाच. वाचून हसा आणि सोडून द्या. समोरच्याला उत्तर द्यायला 30 अधिक 15 दिवसच मिळतात, त्यापलीकडे नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये पक्कं केलंय, तेवढं एक बरं. त्यानंतरच्या तारखांचं मी काही सांगत नाही. आयोगात मुदतीवर अडकलंच तर दिवाणी कोर्टात करारभंगाला साधारण तीन वर्षं असतात, पण तिथं कोर्ट फी आणि त्याहून जास्त वर्षं, तो रस्ता शेवटचा.

आणि भिंत रस्त्याला लागून आहे असं तुम्ही सहज लिहून गेलात. उद्या दगड कुणाच्या डोक्यात पडला तर पोलीस पहिल्यांदा तुमचंच दार वाजवणार, कॉन्ट्रॅक्टरचं नाही. ठोकून बघा, जिथं पोकळ वाजतंय तिथले दगड पावसाआधी उतरवा. पण त्याआधी इंजिनिअर आणि दोन शेजारी उभे करून फोटो, व्हिडिओ आणि मोजमाप घ्या, कॉन्ट्रॅक्टरला तारीख लेखी कळवा, आणि प्रत्येक दगडाच्या मागे खडूने नंबर टाका. ते 35 हजार तोवर देऊ नका, आणि का देत नाही ते त्याच नोटिशीत लिहा.