घरचा सर्व्हर, बाहेरची वाट

प्रश्न (सिडको) : जुन्या कॉम्प्युटरवर जेलिफिन (साठवलेले सिनेमे घरातल्या इतर पडद्यांवर दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून हॉलमधल्या टीव्हीवर सिनेमे बघतो. यात ब्रॉडबँडचा डेटा खर्च होतो का?

उत्तर : नाही. दोन्ही एकाच राउटरवर असतील आणि टीव्हीत सर्व्हरचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकला असेल, तर सिनेमा राउटरपर्यंत जाऊन तिथूनच टीव्हीकडे वळतो. इंटरनेट बंद असेल तेव्हा लावून बघा, चालेल. मात्र टीव्हीतही बाहेरून बघण्यासाठीचा टनेलचा (इंटरनेटवरून घरच्या सर्व्हरपर्यंत आणणाऱ्या खासगी वाटेचा) पत्ता टाकलात, तर तोच सिनेमा घराबाहेर जाऊन परत येईल.

प्रश्न (इंदिरानगर) : इंटरनेट कंपनीच्या राउटरला मी स्वतःचा राउटर जोडला. सर्व्हर नव्यावर आहे, टीव्ही जुन्यावर. तेव्हापासून प्लेक्सवर (जेलिफिनसारखंच सॉफ्टवेअर) चित्र अंधुक दिसतं.

उत्तर : एका घरात तुमची दोन नेटवर्क झाली आहेत. नव्या राउटरमागची उपकरणं जुन्याकडे जाऊ शकतात, पण जुन्यावरचा टीव्ही नव्यामागच्या सर्व्हरपर्यंत आपणहून पोचत नाही. सरळ वाट मिळाली नाही की प्लेक्स स्वतःच्या रिले (मध्यस्थ) सर्व्हरमार्फत चित्र पाठवतं आणि तिथे वेग फार तर २ एमबीपीएस मिळतो. म्हणजे शेजारच्या खोलीतला सिनेमा इंटरनेटवरून फिरून येतो! नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पुरवेल. वायफाय त्याचंच राहील, पत्ते मात्र सगळ्यांना जुना राउटर देईल. वेगवान प्लॅन घेण्याआधी हे कराच. या दुखण्यावर प्लॅनचा उपयोग नाही.

प्रश्न (नाशिकरोड) : मुलगी पुण्याला शिकते. तिला घरचा सर्व्हर दिसावा म्हणून राउटरवर जेलिफिनचं ८०९६ पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून सर्व्हरकडे यायची वाट उघडली), तरी उघडत नाही.

उत्तर : राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलं आहे. हे पत्ते २०१२ साली त्यासाठीच राखून ठेवले गेले. तुम्ही फ्लॅटचं दार उघडलंत, पण सोसायटीचं गेट बंदच आहे. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घेता येतो. माझा कौल मात्र टेलस्केलला (दूरची उपकरणं खासगी वाटेने जोडणारं सॉफ्टवेअर) : सर्व्हरवर आणि मुलीच्या लॅपटॉपवर टाकून एकाच खात्याने लॉगिन करा. पोर्ट उघडावं लागत नाही आणि लॉगिनचं पान साऱ्या जगापुढे येत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिला मिळणारा वेग तुमच्या नाशिकच्या अपलोडवर ठरेल, तेवढं तपासून घ्या.

प्रश्न (देवळाली कॅम्प) : सर्व्हर, टीव्ही दोन्ही वायफायवर. फोर-के अडकतं.

उत्तर : प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते : सर्व्हरकडून राउटरकडे आणि तिथून टीव्हीकडे. आधी सर्व्हरला वायर लावा. टीव्हीचं लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावायची जागा) बऱ्याचदा १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणून जड फाइलसाठी टीव्हीला ५ गिगाहर्ट्झचं चांगलं वायफायच बरं पडतं.