ग्रे सोफा घेतलाय? मग आधी हे बघा

अहो, भिंतीचा रंग ठरवायची घाई करू नका, आधी सोफ्याचा ग्रे कुठल्या जातीचा आहे ते बघा, म्हणजे दिवसा खिडकीजवळ एक पांढराशुभ्र कागद कापडाला लावून धरा, लगेच कळतं निळसर झाक आहे की मातकट. निळसर असेल तर पांढरा, नेव्ही, गडद हिरवा मस्त जातो, आणि मातकट असेल तर क्रीम, विटकरी, मोहरीचा पिवळा. उलटं केलं तरी काही बिघडत नाही पण मग जरा सांभाळून करावं लागतं.

दुसरं म्हणजे लाईट, याकडे कोणी बघतच नाही! ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाश पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा) पांढरा बल्ब लावला की ग्रे सोफा एकदम दवाखान्यातला वाटतो, त्यापेक्षा २७०० ते ३००० वाला वॉर्म, म्हणजे पिवळसर प्रकाशाचा घ्या, आणि छतावर एकच मोठा दिवा लावण्यापेक्षा कोपऱ्यात एखादा लॅम्प ठेवा.

गालिचा छोटा घेऊ नका प्लीज, निदान सोफ्याचे पुढचे पाय तरी त्यावर यायला हवेत, नाहीतर तो मधेच तरंगल्यासारखा दिसतो. कुशन्स सगळी एकाच सेटमधली नकोत, एखादं जाड विणीचं, एखादं मखमली, एखादं साधं सुती, कारण ग्रेवर रंगापेक्षा पोत जास्त उठून दिसतो (माझं मत हां). लाकडी टीपॉय आणि एकदोन झाडं असली की बास. पडदे शेवटी घ्या, आणि रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटून नको, चांगला वर लावा.

सोफ्याचा दिवसाउजेडी काढलेला फोटो टाका, मग भिंतीचं बोलू.