तो दिवा आणि कळलावीचं फूल

प्रश्न : मुलगा टोरोंटोला असतो, शेजारी श्रीलंकन तमिळ कुटुंब. २७ नोव्हेंबरला ते दिवा लावतात, लाल-पिवळं फूल ठेवतात. एवढ्या लांब राहून यांना वेगळा देश का हवा असतो आणि तिकडे त्याचा काही उपयोग होतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ते फूल म्हणजे आपली कळलावी हो, पावसाळ्यात सह्याद्रीत दिसते तीच. २७ नोव्हेंबर हा एलटीटीईचा, म्हणजे वेगळ्या देशासाठी श्रीलंकेच्या सैन्याशी लढलेल्या तमिळ वाघांचा, मावीरर नाळ, म्हणजे वीरांचा दिवस.

आता हे लोक गेले कसे ते बघा. जुलै १९८३ मधे वाघांच्या हल्ल्यात १३ सैनिक मेले आणि सूड निघाला कोलंबोतल्या साध्या तमिळांवर, जमाव मतदारयाद्या घेऊन घरं शोधून जाळत होता. तिथून पुढे लाखो लोक देश सोडून गेले, त्यामुळे बऱ्याच जणांसाठी मायदेश म्हणजे अजून तेच जळणारं घर. तिकडे शांत होऊन परत विचार करायला त्यांना कुणी सांगावं, मला तरी ते जमणार नाही.

पण पैशाची गोष्ट वेगळी. युद्धाला पैसा यांच्याकडूनच जायचा, काही मनापासून देत, काही नाइलाजाने. ह्यूमन राइट्स वॉचच्या २००६ च्या अहवालात आहे की कॅनडात एकेका घराकडे अडीच ते पाच हजार डॉलर मागितले, माणसं घरी येऊन बसायची, हो म्हणेपर्यंत उठायची नाहीत. आणि त्या पैशाच्या युद्धात मेले कोण, तर वन्नीतली, म्हणजे श्रीलंकेच्या उत्तर भागातली माणसं, ज्यांना वाघ युद्धभूमीतून बाहेरही पडू देत नव्हते आणि सैन्य तोफा डागत होतं. याचा मला फार त्रास होतो.

मे २००९ मधे शेवट जवळ आला तेव्हा टोरोंटोत हजारो लोक, बायकामुलं सुद्धा, गार्डिनर एक्सप्रेसवे या शहरातल्या मोठ्या महामार्गावर जाऊन बसले. आठवड्याभरात युद्ध संपलं. नंतर २०१० मधे परदेशातल्या तमिळांनी देशाबाहेरूनच चालणारं ईलम, म्हणजे वेगळ्या तमिळ देशाचं, सरकार काढलं, प्रमुख न्यूयॉर्कचे वकील रुद्रकुमारन. इकडे श्रीलंकेत, उत्तरेतल्या जाफन्यात निवडून येणारी तमिळ आघाडी मात्र एकाच देशात अधिकार मागत होती.

उपयोग झाला तो न्याय मागण्यात. २०२२ मधे कॅनडाच्या संसदेने १८ मे हा तमिळ वंशहत्या स्मृतिदिन मानला, ते या लोकांच्या चिकाटीशिवाय झालं नसतं. आणि तिकडे वन्नीतल्या किलिनोच्ची गावात २०१७ पासून आया युद्धात बेपत्ता झालेल्या मुलांचे फोटो घेऊन रस्त्याकडेला बसल्यात, त्यांना आधी मुलं कुठे गेली ते हवंय.

मुलाला म्हणावं, शेजाऱ्यांना एकदा विचार, दिवा कुणासाठी लावता. बहुतेक घरात एखादं नाव असतंच.