तिघांनी सांगितले म्हणून खरे?

प्रश्न : आमच्या गावात 'मुले पळवणारी टोळी फिरते आहे' असा संदेश व्हिडिओसह आला. पुतण्या म्हणतो, ''काका, तीन वेगवेगळ्या ग्रुपवर हेच आले आहे, आणि व्हिडिओत तर मूल उचलताना दिसते आहे. आणखी पुरावा कोणता हवा?'' मला हे पटत नाही. पण नेमके कुठे चुकते, ते सांगता येत नाही.
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आपल्या पुतण्याच्या बोलण्यात दोन युक्तिवाद एकमेकांत गुंतलेले आहेत, ते आधी सुटे करू. 'तिघांनी सांगितले, म्हणून खरे' हा वैगमनिक युक्तिवाद आहे. म्हणजे अनेक दाखल्यांवरून आपण संभाव्य निष्कर्षाकडे जातो, आणि ते दाखले एकमेकांपासून जितके स्वतंत्र, तितका निष्कर्ष बळकट. तेव्हा ते तिन्ही संदेश शेजारी शेजारी ठेवून अक्षरशः वाचावेत. शब्द तेच, उद्गारचिन्हे तितकीच आणि 'पोलिसांनी' ऐवजी 'पोलीसानी' अशी चूकही तिन्हीकडे तीच असेल, तर साक्षीदार तीन नसून एकाच मजकुराच्या तीन नकला आहेत.

दुसरा युक्तिवाद व्हिडिओचा. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कपरंपरेत, धुरावरून अग्नीचे अनुमान करतात, ते जिथे धूर तिथे अग्नी असतोच म्हणून. जो हेतू (अनुमानाला आधार देणारी खूण) साध्य (जे सिद्ध करायचे ते) नसतानाही आढळतो, त्याला 'सव्यभिचार' म्हणतात आणि तो हेत्वाभास, म्हणजे फसवा हेतू, ठरतो. व्हिडिओचेही तसेच : मूल उचलतानाचे दृश्य दुसऱ्या गावातले, दुसऱ्या वर्षातले किंवा चक्क अभिनयाचेही असू शकते. 2018 मध्ये भारतभर फिरलेल्या अशाच एका व्हिडिओत मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलून नेतात. तो मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेला होता, आणि ते दोघे मुलाला परत आणून सोडतात, तो शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता.

त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. जमावाच्या मनातला तर्क मांडून पाहिला, तर तो असा असणार : मुलांशी बोलणारे अनोळखी लोक मुले पळवतात, हे अनोळखी आहेत आणि मुलांशी बोलले, म्हणून हे मुले पळवणारे. हा नैगमनिक युक्तिवाद, म्हणजे विधाने मान्य केली की निष्कर्ष अटळ ठरवणारा, आकाराने अगदी वैध आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. त्याचे पहिले विधानच खोटे असल्याने त्यातून निघालेल्या निष्कर्षाला काहीही आधार उरत नाही. युक्तिवाद वैध असणे वेगळे आणि त्यातली विधाने सत्य असणे वेगळे, हा फरक मला तर्कशास्त्रातला सर्वांत मोलाचा वाटतो.

आता स्रोताविषयी. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत शब्द हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले आहे, परंतु तो आप्ताचा शब्द असावा लागतो, आणि आप्त म्हणजे नातलग नव्हे. या सूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने ती गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे सांगणारा कोण्या कुळाचा, हे गौण आहे. संदेश मामांनी पाठवला असला, तरी मामांनी ती टोळी पाहिलेली नाही. तेव्हा पुतण्याला एवढेच विचारावे : ''हे कोणी डोळ्यांनी पाहिले? कोणत्या गावात, कोणत्या तारखेला? त्या गावच्या पोलिस ठाण्यात तक्रार आहे का?'' ठाण्यात फोन केला, तर शेवटच्या प्रश्नाचा उलगडा लगेच होऊ शकतो.

आणि बातमी खरी निघाली तर, ही शंका आपल्या मनात येईलच. मुलांना चार दिवस एकटे न सोडण्यासाठी नुसती शंकाही पुरेशी आहे, ती काळजी खुशाल घ्यावी. मात्र संदेश पुढे पाठवण्यासाठी त्याहून अधिक पुरावा हवा, आणि वाटेवरच्या अनोळखी माणसाला अडवून धरण्याइतका पुरावा तर फोनवर आलेल्या कोणत्याही संदेशात असत नाही.