वाचकांचे प्रश्न : दुभंगलेला ओठ, टाळू आणि जिल्ह्यातलंच ऑपरेशन

प्रश्न : आमच्याकडे दुभंगलेल्या ओठांची शिबिरं होतात. बाहेरून सर्जन येतात, दोन-तीन दिवसांत ऑपरेशनं उरकून जातात. आता धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. इथल्याच डॉक्टरांना शिकवून हे काम वर्षभर का चालू नये?
– वैद्यकीय अधिकारी, चोपडा

उत्तर : चालायलाच हवं. शिबिराची अडचण तारखेची आहे. ओठ शिवायचा तीन महिन्यांच्या सुमारास, टाळू ९ ते १२ महिन्यांत, हिरडीत हाड भरायचं ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान. नेमक्या दिवशी बाळाला सर्दी-खोकला झाला तर भूल देणं धोक्याचं. तीन-चार आठवडे थांबावं लागतं आणि तोवर शिबिर उठलेलं असतं. धडगाव-अक्कलकुव्याची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला घरी येतात. त्यांच्या हिशेबाने तारीख द्यायची तर टीम जिल्ह्यातलीच हवी. स्माईल ट्रेन ही संस्था १९९९ पासून हेच करते : स्थानिक डॉक्टरांचं प्रशिक्षण आणि स्थानिक रुग्णालयांना ऑपरेशनचा खर्च.

शिकवायला सुरुवात मात्र भूलतज्ज्ञापासून करा. टाळूच्या ऑपरेशनमध्ये सर्जनचे हात आणि श्वासाची नळी एकाच इवल्याशा तोंडात असतात. खालच्या ओठावरून हनुवटीकडे वळणारी ‘रे’ नळी लागते. तोंड उघडं ठेवणारी चौकट, म्हणजे डिंगमन गॅग, उघडला की जीभ दाबली जाते, तिच्यासोबत नळी दबते किंवा आत सरकते. म्हणून गॅग लावल्यावर छाती दोन्ही बाजूंनी पुन्हा ऐकायची, कॅप्नोग्राफवरचा (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) आलेख बघायचा, मगच चीर. घशातला पॅक (रक्त आत जाऊ नये म्हणून ठेवलेली गॉजची पट्टी) ठेवताना फळ्यावर लिहायचा, काढल्यावर खोडायचा. तो आत राहिला तर नळी काढताच श्वास अडतो. १० किलोच्या बाळात एकूण रक्त जेमतेम ८०० मिली. ८० मिली गेलं की दहावा हिस्सा गेला, तेव्हा भिजलेले बोळे अंदाजाने न मोजता काट्यावर ठेवा.

दुसरा नंबर वॉर्डातल्या सिस्टरांचा. पहिल्या रात्री जीभ सुजू शकते, मूल कुशीवर ठेवायचं, बोटाला ऑक्सिमीटर कायम. झोपेतही पुन्हा पुन्हा गिळणारं मूल बहुधा रक्त गिळत असतं. तोंडातून काही येत नाही म्हणून निर्धास्त राहिलात तर चुकलात.

सर्जन प्लास्टिक, बालशल्य किंवा मुख-जबडा शल्यक्रियेतला असावा. आधी मदतनीस, मग जाणत्याच्या नजरेखाली एका बाजूचा ओठ, पुढे दोन्ही बाजूंचा, टाळू सगळ्यात शेवटी. टाळूची पहिली शिवण उसवली तर भोक राहतं, आणि दुसऱ्यांदा हात घालावा तर व्रणामुळे कातडी ओढली जात नाही. आठवडाभराच्या कार्यशाळेत प्रमाणपत्र मिळतं, हात बसत नाही. शिवाय प्रत्येक मुलाचे ठरावीक कोनांतले फोटो, भोक राहिलं का याची नोंद आणि पाचव्या वर्षी बोलण्याचं रेकॉर्डिंग ठेवा. त्याशिवाय काम सुधारतंय की नुसतं वाढतंय, हे कळणार नाही.

प्रश्न : माझ्या पाड्यावर एक महिन्याचं बाळ आहे. ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले, वजन २ किलो ६०० ग्रॅम. अंगावर ओढत नाही, दूध नाकातून येतं. घरचे म्हणतात ग्रहण लागलं.
– आशा कार्यकर्ती, धडगाव तालुका

उत्तर : ताई, ग्रहणाचा काही संबंध नाही. ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, बऱ्याच बायांना तेव्हा दिवस गेल्याचंही धड कळलेलं नसतं. आईला दोष लागू देऊ नका.

टाळू उघडी असल्याने तोंडात ओढ तयार होत नाही. आईचं दूध पिळून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजायला शिकवा. या वजनाला दिवसाला साधारण ३९० मिली, म्हणजे आठ वेळा जवळपास ५० मिली. बाळ उभट धरायचं, थोडं थोडं गालाच्या बाजूने सोडायचं, मध्ये मध्ये ढेकर. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागला तर बाळ दमतं, प्यायलेलं तिथेच खर्ची पडतं. नाकातून आलं तर थांबा, पुसा, पुन्हा द्या. ठसका लागून निळं पडलं तर मात्र लगेच दवाखाना.

ओठासाठी जुना ठोकताळा आहे : १० आठवडे वय, साडेचार किलो वजन, हिमोग्लोबिन १०. दिवसाला २५ ग्रॅम वाढलं तर अजून अडीच महिने लागतील. दर आठवड्याला वजन घ्या. १५० ग्रॅमपेक्षा कमी वाढलं तर वाट न बघता दाखवा. आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाकडे आत्ताच नाव द्या, ऑपरेशन मोफत होतं. तुमच्या भागात सिकलसेल बरंच आहे, ते आधी कळायला हवं. भुलेत ऑक्सिजन किंवा अंगातलं पाणी कमी पडलं तर त्या मुलाला महागात पडतं. पण सहा महिन्यांखाली सिकलसेलची झटपट होणारी सोल्युबिलिटी चाचणी फसवते, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी एचपीएलसी चाचणी करायला सांगा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची. टाळू शिवून झाली, तरी नाकात बोलते. फुगे फुगवायला देतो, फरक नाही.
– पालक, रावेर

उत्तर : फुगे आणि शिट्टी बंद करा, त्याने बोलणं सुधारत नाही. नाकाखाली छोटा आरसा धरून ‘पोपट’, ‘पाटी’ म्हणायला लावा. या शब्दांना नाकातून हवा यायला नको. आरसा धुरकटला तर टाळूत भोक आहे किंवा मागचा भाग घशाला नीट टेकत नाही. ते सर्जनने तपासायचं. आरसा स्वच्छ राहिला, तर चुकीच्या जागी उच्चार काढायची सवय असू शकते. तिला वाचाउपचार लागतो. पण दोन्हीच्या आधी कान तपासा. या मुलांच्या पडद्यामागे पाणी साचतं, आणि जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलता येत नाही. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कान आणि वाचा दोन्हीची चौकशी करा. आठवड्याला जाणं जमत नसेल तर महिन्यातून एकदा जा, घरी रोज १५ मिनिटं करायचे शब्द लिहून आणा.